मालबाबूच्या माळेला उत्तर मिळालं नाही

पांढुर्ण्यात ऑक्टोबर महिन्यातली रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, कोणी सुरू केली, असं कोणी विचारलं की लोक मालबाबू कार्दोजचं नाव सांगत. देवकाबाई जवळ असली तर ती तोंडातला सुपारीचा तुकडा बाजूला थुंकायची आणि म्हणायची, "मूर्ती त्यानं आणली. रोझरी आमच्या माणसानं चालवली." एवढं बोलून ती गप्प व्हायची. पुढचं सांगायला तिला कोणाची भीती नव्हती, पण ते अर्धवट सांगायला तिला आवडायचं नाही.

ती मूळची बोरगावची. तिच्या बापाला लहानपणी तापाच्या एका साथीत पोरकं झाल्यावर नागपूरच्या मिशनने वाढवलं होतं. तिथंच तो ख्रिस्ती झाला आणि लग्न करून गावी परतला. देवकालाही त्यानं चार वर्षं सिस्टरांच्या शाळेत ठेवलं. त्या चार वर्षांत ती तीन गोष्टी शिकली: वाचणं, शिवण आणि मराठीतली सगळी जपमाळ. लग्न गुणवंताशी झालं. रेल्वेत तो पॉइंट्समन होता, म्हणजे गाडी कोणत्या रुळावर जाईल ते सांधे तो फिरवायचा. उंच, हसरा, आवाजाला भरदार माणूस. देवका स्वतः हंगामात जिनात सरकी काढायच्या रेच्यावर कापूस लावायला जायची.

त्यांच्या वस्तीत अशी चौदा ख्रिस्ती घरं होती. बहुतेक सौंसरकडच्या खेड्यांतून आलेली, मालधक्क्यावर आणि जिनात राबणारी. पलीकडे रेल्वेच्या पक्क्या क्वार्टरांत सहा ख्रिस्ती बाबू राहायचे. कोणी गोव्याचा, कोणी मद्रासकडचा. या बाबूंत वजनदार म्हणजे मालबाबू इग्नेशस कार्दोज. कापसाच्या गाठी आणि संत्र्यांच्या पेट्या कोणत्या वॅगनमध्ये चढतील, कधी चढतील, हे त्याच्या हातात होतं. त्यामुळे बाजारातले शेटही त्याला आधी नमस्कार करायचे.

चव्वेचाळीस साली कार्दोजनं मुंबईहून मरियामातेची हातभर उंचीची मूर्ती आणली आणि सहा बाबूंची संत योसेफ बंधुसभा काढली. प्रत्येक बंधूला छातीवर तिरकी घालायची निळी रेशमी फीत. नियम असा की ऑक्टोबरच्या एकतीस संध्याकाळी मूर्ती घरोघर न्यायची आणि त्या घरी सगळ्यांनी मिळून माळ म्हणायची. बंधूंपैकी कोणी वारला तर फिती लावून सगळ्यांनी खांदा द्यायचा आणि त्याच्या घरी नऊ संध्याकाळ माळ म्हणायची.

नियम छान होता, पण घरं सहाच. आठवड्याभरात सगळी घरं फिरून झाली. वर बाबूंच्या ड्युट्या. एखाद्या संध्याकाळी दोनच बंधू हजर असायचे आणि मूर्ती खोक्यात पडून राहायची. तेव्हा गुणवंता मालधक्क्यावर गेला अन् म्हणाला, "बाबूसाहेब, आमच्या वस्तीत आणा ना मातेले. चौदा घरं हायेत. माणसं बी भेटतीन."

कार्दोजनं जरा विचार केला आणि हो म्हटलं. त्या दिवसापासून रोझरीला जीव आला. दिवेलागणीला गुणवंता पेट्रोमॅक्सची बत्ती डोक्यावर घेऊन पुढं, मागं मूर्ती, मागं निळ्या फितींचे बाबू आणि त्यांच्यामागं सगळी वस्ती. माळेतली प्रत्येक प्रार्थना दोन भागांची असते. पहिला अर्धा भाग एकानं म्हणायचा, दुसऱ्या अर्ध्यानं बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. कार्दोज त्याचा अर्धा भाग इंग्रजीत म्हणायचा. वस्तीतल्या बायकांना ते समजत नव्हतं, म्हणून देवकानं त्यांना उत्तर मराठीत शिकवलं. जिनात कापूस लावता लावता ती म्हणायची, बाकीच्या तिच्यामागं म्हणायच्या. महिन्याभरात चाळीस बायका एका सुरात "हे पवित्र मरिये" म्हणू लागल्या. बाजारातून जाणारी माणसं थांबून ऐकायची.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी बाबूंपैकी दोघं बदली घेऊन गेले, त्यांच्या जागी नवे आले. नव्यांना आल्या आल्या फीत मिळाली. गुणवंतानं त्या वर्षी पहिल्यांदा विचारलं, "मले बी एक फीत द्या ना, बाबूसाहेब."

"अगले साल," कार्दोज म्हणाला.

पुढल्या वर्षीही तेच. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. नऊ वर्षं दर ऑक्टोबरात गुणवंतानं बत्ती वाहिली. देवका चिडायची. "काऊन विचारता त्याले दरसाल? लाज नाई वाटत?" गुणवंता हसून म्हणायचा, "माता पाहून राहिली ना. फितीचं काय घेऊन बसली तू."

त्रेपन्न सालच्या ऑक्टोबरात, सतरा तारखेला, सकाळच्या पाळीत गुणवंता दोन वॅगन जोडताना मध्ये सापडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. दुपारी त्याला घरी आणलं. नागपूरहून फादर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं येणार होते, तोवर मूठमाती थांबणार होती. वस्तीतल्या सगळ्या बायका देवकाच्या घरात येऊन बसल्या. देवकानं अजून डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. ती उठली, पदर सारखा केला आणि मालधक्क्यावर गेली.

कार्दोज टेबलाशी चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला, दुःख झालं म्हणून सांगितलं. खोटं नसावं ते. मग देवका म्हणाली, "आज संध्याकाळी माळ आमच्या घरी आणा. अन् उद्या खांद्याले फिती लावून या. नऊ दिवस व्हाले पाहिजेत त्याचे."

कार्दोजनं मान हलवली. "बाई, आज का नंबर तारबाबूच्या घरचा आहे. और नऊ दिवस सभेच्या मेंबरला असतात."

"नऊ साल तो तुमच्यासंगं चालला."

"चालला. पण गुणवंता सभेचा नव्हता." तो समजुतीच्या सुरात म्हणाला, लहान पोराला सांगावं तसा. "तो सभेची बत्ती उचलायचा. रूल मतलब रूल, बाई. आज एकासाठी तोडला, तर उद्या पूरी वस्ती मागंल."

देवका वळली. घरी आली आणि नवऱ्याच्या उशाशी बसली.

तारबाबूचं घर वस्तीच्या पलीकडे होतं आणि वाट देवकाच्या दारावरूनच जायची. दिवे लागले तसा दुरून उजेड दिसू लागला. बत्ती नत्थूजीच्या डोक्यावर होती. नत्थूजी मालधक्क्यावरचा हमाल, याच वस्तीतला, गुणवंताचा लंगोटीयार. त्याला कार्दोजनं निरोप धाडला होता आणि रोजंदारीच्या माणसाला मालबाबूला नाही म्हणायची सोय नव्हती. देवका दारात जाऊन हात जोडून उभी राहिली. तिला अजून वाटत होतं, समोर आल्यावर तरी थांबतील. मातेची मूर्ती उंबऱ्याशी क्षणभर टेकवतील, एक प्रार्थना म्हणतील.

नत्थूजीनं मान खाली घातली. कार्दोजनं तिच्याकडं पाहिलं, मग पुढं पाहिलं आणि म्हणाला, "चलो, चलो." मिरवणूक पुढं गेली.

दारात उभ्या देवकाच्या तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. वस्तीच्या बायका आत बसलेल्या होत्या. मिरवणुकीत फक्त बाबू होते आणि त्यांच्या दोन-चार बायका. कार्दोजचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण त्याला मिळणारं उत्तर मरतुकडं होतं. कोणी पुटपुटत होतं, कोणी मागे पडत होतं. चाळीस बायकांच्या उत्तराविना ती माळ म्हणजे एक माणूस रस्त्यानं एकटाच बोलत चालला आहे, असं वाटत होतं.

आत येऊन ती नवऱ्याच्या थंड कानाशी वाकली. "या माणसाले मी उत्तराले महाग करीन," ती म्हणाली. "आज नाई. मोठ्या दिवशी करीन." मग ती रडली.

त्या वर्षीची आणि पुढल्या दोन वर्षांची रोझरी तिनं चुकवली नाही. लोकांना वाटलं, बाई मनानं मोठी. कार्दोजलाही तसंच वाटलं. एकदा तो तिला म्हणाला, "देवकाबाई, तुमच्या आवाजावर सगळं चाललं आहे." ती म्हणाली, "मालूम हाये मले." तिचा आवाज त्या वर्षांत आधीपेक्षाही मोठा लागायचा. तिला कार्दोजला त्या आवाजाची पक्की सवय लावायची होती.

दिवसा जिनात, संध्याकाळी चुलीशी ती दुसरंच काम करत होती. सिस्टरांनी दिलेलं जुनं प्रार्थनापुस्तक तिनं ट्रंकेतून काढलं आणि म्होरक्यानं म्हणायचा भाग पाठ केला. पंधरा रहस्यं, म्हणजे ख्रिस्ताच्या नि मातेच्या आयुष्यातले प्रसंग, त्यांच्यामधल्या प्रार्थना, शेवटची लांबलचक आळवणी, सगळं मराठीत. मग ती एकेका घरी गेली. सौंसरला गेली, बोरगावला माहेरच्या माणसांकडं गेली. कोणाला लांबण लावली नाही. "माझ्या माणसाच्या दारावरून माता नेली त्यायनं. तुमच्या माणसाच्या दारावरून बी नेतीन. मी सांगीन त्या दिवशी तोंड उघडजो नका, एवढंच मागून राहिली." म्हाताऱ्या रामाजीनं विचारलं, "पोरी, पाप नाई का लागणार?" देवका म्हणाली, "लागलं तं मले लागू द्या. मी सांगतलं असं सांगजा."

छप्पन्न साली तो दिवस आपणहून चालत आला. प्रांत मोडणार हे ठरलं होतं. एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार, पांढुर्णा-सौंसर मध्यप्रदेशात राहणार आणि आपली राजधानी कुठं तर भोपाळ. बाजारात दुसरी गोष्ट नव्हती. नागपूर तर गाडीनं काही तासांचं, भोपाळ कोणी पाहिलं होतं? त्याआधीच्या ऑक्टोबरअखेरीला कार्दोज रिटायर होणार होता. सभेतले तीन बाबू आधीच बदलून गेले होते. तेव्हा ठरलं असं, की एकतीस ऑक्टोबरला, रोझरीच्या शेवटच्या संध्याकाळी, मालधक्क्यामागच्या मैदानात मोठी माळ होईल. नागपूरहून मोठे फादर येतील आणि रोझरी सुरू केल्याबद्दल सगळ्यांसमोर कार्दोजचा सत्कार करतील.

मैदानात मांडव पडला. सौंसर, बोरगावहून माणसं बसनं आली. दीडशेच्या वर लोक होते. झेंडूच्या माळांत मूर्ती ठेवली होती. बाजारातले शेटही खुर्च्यांवर येऊन बसले. कार्दोजनं नवा कोट घातला होता, त्यावर निळी फीत. म्हातारपणात माणसाचा चेहरा जसा एखाद्याच दिवशी उजळतो, तसा त्याचा उजळला होता. देवका पुढच्याच ओळीत बसली होती, हातात माळ घेऊन.

कार्दोज गुडघ्यांवर आला आणि त्यानं पहिली प्रार्थना सुरू केली. त्याचा अर्धा भाग संपला.

कोणी उत्तर दिलं नाही.

त्याला वाटलं, लोकांना ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. पुन्हा काही नाही. दीडशे माणसं माळ हातात धरून, तोंड मिटून बसलेली. मागल्या बाजूनं रुळावरून इंजिनाचा सुस्कारा तेवढा आला. उरलेल्या दोन बाबूंनी घाबरून काहीतरी पुटपुटलं. आणि एक आवाज मागून आला, एकटा, कापरा: "हे पवित्र मरिये." तो नत्थूजी होता. अजून तो रोजंदारीवरच होता आणि नवा मालबाबू तिथंच खुर्चीवर बसला होता. देवकानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. नत्थूजी मध्येच थांबला.

कार्दोज मागं हटला नाही. पहिल्या रहस्याच्या दहाच्या दहा प्रार्थना त्यानं म्हटल्या. आपलाच अर्धा भाग, मग आपलंच उत्तर. पाचव्या प्रार्थनेला त्याचा आवाज बसला. सातव्याला त्याच्या कोटाची बाही डोळ्यांवरून फिरली. देवका मणी मोजत होती. एकेक मणी बोटाखालून सरकताना तिच्या छातीत काहीतरी निवत होतं. तीन वर्षांत तिला एवढं शांत वाटलं नव्हतं.

मोठे फादर उठले. "काय चाललं आहे हे? तुम्ही उत्तर का देत नाही?"

देवका उभी राहिली. "फादर, उत्तर सभेच्या माणसांनी द्यावं. आम्ही सभेचे नाई. आम्ही बत्ती उचलणारे लोक."

कार्दोजनं वर पाहिलं. त्याला आठवलं. ते त्याच्या चेहऱ्यावर आलं तेव्हा देवकानं ते डोळे भरून पाहून घेतलं.

"आमच्या गुणवंताच्या नऊ संध्याकाळी राहिल्या हायेत," ती लोकांकडं वळून म्हणाली. "आज पयली. चला घरी."

आणि मैदान उठलं. मूर्ती तिथंच राहिली, बत्ती तिथंच राहिली. काळोख्या वाटेनं दीडशे माणसं देवकाच्या मागं गेली. तिच्या अंगणात ती गुडघ्यांवर बसली, आयुष्यात पहिल्यांदा पहिला अर्धा भाग तिनं म्हटला आणि सगळ्या वस्तीनं असं उत्तर दिलं की मांडवात बसलेल्यांना ते स्पष्ट ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याची राजधानी बदलली होती, पण नळावर बायका फक्त देवकाबाईचं बोलत होत्या.

मोठ्या फादरांनी तिला बोलावून झापलं. मातेच्या प्रार्थनेचं तू हत्यार केलंस, म्हणाले, कार्दोजची माफी माग. देवका म्हणाली, "नाई मागत." मग पापकबुली झाल्याशिवाय ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेच्या उपासनेतली पवित्र भाकर, घ्यायचं नाही, असं ठरलं. चार वर्षं तिनं ते घेतलं नाही. दर महिन्याच्या मिस्सेला ती यायची, मागे उभी राहायची आणि सगळे पुढं गेले की एकटी भिंतीकडं पाहत राहायची. त्याचा त्रास तिला झाला, पण तिनं तो कोणाला दाखवला नाही.

बंधुसभा त्या वर्षीच मोडली. रोझरी मात्र मोडली नाही. देवका म्होरकी झाली, माळ पुरती मराठीत आली. दर ऑक्टोबरात कोणत्या संध्याकाळी कोणाचं घर, हे ती ठरवायची. नत्थूजीचं घर तिनं गाळलं. त्याची बायको सगुणा एकदा पाया पडायला आली. "पोटासाठी बोलले वं ते, बाई. एकच डाव बोलले." देवका म्हणाली, "एकच डाव त्यानं बत्ती बी उचलली होती." सगुणा रडत गेली. रामाजीला ते बरं वाटलं नाही, पण तो बोलला नाही. कोणीच बोलायचं नाही आता तिच्यापुढं.

कार्दोज गोव्याला आपल्या गावी गेला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण गोव्यात पोर्तुगीज होते आणि गोव्याची वाट बंद झाली होती. बायको आधीच वारलेली, पोरगा आफ्रिकेत. म्हातारा स्टेशनरोडवर एक खोली घेऊन राहिला. देवकाची जिनाला जायची वाट त्याच खोलीवरून होती. संध्याकाळी परतताना तो ओट्यावर खुर्ची टाकून माळ म्हणत बसलेला दिसायचा. अर्धा भाग म्हणायचा, थांबायचा, मग उत्तर म्हणायचा. तिला पाहिलं की तो जरा जास्तच थांबायचा. देवका चाल मंद करायची, त्याला पावलं ऐकू यावीत इतक्या जवळून जायची आणि गप्प राहायची. पहिल्या वर्षी तिला यात गंमत वाटायची. चौथ्या वर्षी गंमत राहिली नव्हती, पण तिनं वाट बदलली नाही.

साठ सालच्या डिसेंबरात म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं. शेजारणीकडून निरोप आला, देवकाबाईनं एकदा यावं. ती गेली. मांडवात राहिलेली मूर्ती त्यानं खोलीत एका पेटीवर ठेवली होती, पुसून लख्ख. कार्दोजचे हात काटक्यांसारखे झाले होते. तिला बसायला सांगून त्यानं उशीखालून माळ काढली आणि हळूहळू, अडखळत म्हणू लागला, "नमो मरिये..."

तो मराठीत म्हणत होता. चार वर्षं दर ऑक्टोबरात वस्तीतून येणारं ऐकून ऐकून त्यानं ते शिकून घेतलं होतं. एक शब्द चुकीचा होता. बाकी सगळं बरोबर. आपला भाग संपवून तो तिच्याकडं पाहत राहिला.

देवकाच्या ओठांवर उत्तर येऊन उभं राहिलं. तीस वर्षांची सवय ती. तिनं ओठ दाबून धरले. बाहेरून टांगा गेला, त्याच्या घुंगरांचा आवाज विरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "कसं लागते, बाबूसाहेब, आता समजलं?"

"समजलं," कार्दोज म्हणाला. "उसी दिन समजलं होतं, मांडवात. सांगायची हिंमत नव्हती."

"मले हेच ऐकायचं होतं," ती म्हणाली आणि उठली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्यानंही मागितलं नाही. घरापर्यंत तिच्या डोक्यात तो चुकलेला शब्द घुमत राहिला. परत जाऊन तेवढा तरी दुरुस्त करून द्यावा, असं तिला दोनदा वाटलं. ती गेली नाही.

फेब्रुवारीत तो वारला. त्याच वर्षाच्या शेवटी गोव्याची वाट मोकळी झाली, ते त्यानं पाहिलं नाही. वस्तीतल्या बायका देवकाला विचारायला आल्या. ती म्हणाली, "तुम्ही जा. नऊच्या नऊ दिवस करा, एक बी सोडजो नका. मी नाई येत." नऊ संध्याकाळ रामाजीनं माळ चालवली. देवका घरी बसून राहिली. चूल पेटवली, विझू दिली, पुन्हा पेटवली.

त्याच वर्षी पावसाळ्यात नवे, तरुण फादर आले. त्यांच्यापाशी ती पापकबुलीला गेली. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?"

"मांडवातल्याचा नाई होत, फादर. खोटं कायले बोलू देवापाशी. खोलीतल्याचा होते थोडा."

"आणखी?"

देवकानं पदर सारखा केला. "एक घर गाळलं मी चार साल. त्याचा होते. लय होते."

त्या ऑक्टोबरात पहिलीच संध्याकाळ नत्थूजीच्या घरची होती. सगुणानं भिंती शेणामातीनं सारवून पांढऱ्या मातीचा हात फिरवला होता. नत्थूजी दारात हात जोडून उभा होता. देवका आत आली, चटईवर बसली, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, "लोकं लय येतीन आज. ती बाज बाहेर काढा, नत्थूजी, बसाले जागा करा."